ओलावा पुरेसा आहे ना?

नानांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडच्या नानांचं आडनाव वेगळं असेल, छंद बोन्सायचा किंवा जुन्या नाण्यांचा असेल. पण पाहुण्यानं चहाचा कप उचलला रे उचलला की "थांबा, एक गंमत दाखवतो" म्हणून आत पळणारा माणूस तो हाच. आमचे नाना स्टुटगार्टला राहतात आणि आतून श्रीखंडाचा डबा घेऊन येतात. आपली नजर चमचा शोधू लागते. डब्यात निघतं कोकोपीट, आणि कोकोपीटमध्ये झुरळांची अंडी.

सुटी अंडी नव्हेत. राजम्याच्या दाण्यासारखी तपकिरी कुपी, एका कडेला बारीक दाते. त्या दात्यांच्या शिवणीतूनच आत हवा जाते आणि दिवस भरले की पिल्लंही तिथूनच बाहेर पडतात. कोरडं पडलं की आतला जीव सुकतो, पाणी जास्त झालं की बुरशी धरते. म्हणून नाना येता-जाता झाकण उघडतात, कोकोपीटला बोट लावतात आणि वहिनींना विचारतात, "ओलावा पुरेसा आहे ना?"

पुढे हा प्रश्न डब्यात मावेना. गणपतीत मोदकाच्या उकडीत बोट खुपसून नानांनी तो विचारला. आमच्या वास्तुशांतीला खिशातून आर्द्रतामापक काढून भिंतीला लावला आणि आकडा बघून चेहरा पाडला. एका घरी सांत्वनाला गेलो होतो. तिथल्या कुंडीकडे बघून नानांचे ओठ हलायला लागले, वहिनींनी कोपरानं ढोसलं म्हणून सगळे वाचलो.

झुरळांची जात 'डॉमिनो'. काळ्या पंखांवर पांढरे ठिपके. दिसायला इतकी देखणी, की 1758 साली खुद्द लिनीअसनं त्यांना भुंग्यांच्या पंगतीत बसवलं होतं. नानांनी ती हॅमच्या टेरारिस्टिका बाजारातून, 'एक्झॉटिक' म्हणून, रोख युरो मोजून आणली. मूळ गाव? दक्षिण भारत. तिथल्या रानातल्या पाचोळ्यात ती फुकट फिरतात.

चिंचवडहून मातोश्रींनी व्हिडिओ कॉलवर डबा पाहिला. "अरे, आपल्या मोरीत हवी तेवढी आहेत की. पार्सल करू?" नाना दुखावले. "आई, ती पेरिप्लॅनेटा. आपली नव्हेत ती. मूळची आफ्रिकेची, नंतर घुसलेली." जन्मात कुणाची जात न विचारलेल्या आणि अर्धं आयुष्य जर्मनीत काढलेल्या माणसानं झुरळांत मात्र घरंदाज आणि उपरे असा चोख निवाडा केला. मातोश्रींचा निवाडा त्याहून सोपा: चप्पल दोघांनाही एकच.

खरं तर मला या डब्याचा वीट आला होता. मग वहिनींनी एकदा सहज सांगितलं, की लेक जन्मली तेव्हा नाना प्रोजेक्टवर सिंगापूरला होते. तिचा पहिला फोटो त्यांना ईमेलनं मिळाला. तक्रार म्हणून नाही सांगितलं. कुपी उकलली त्या मध्यरात्री टॉर्च वहिनींनीच धरला होता. शिवण फाकली आणि पांढरीफेक पिल्लं एकमेकांना ढकलत बाहेर आली. रंग त्यांच्यावर नंतर हळूहळू चढतो. मला फोन आला तेव्हा नानांचा आवाज बसला होता. "सगळी चालतायत रे," एवढंच म्हणाले.

सकाळपर्यंत सगळी मातीत गडप. ही पिल्लं महिनोन्‌महिने वर फिरकत नाहीत. नाना तरीही संध्याकाळी डब्यासमोर खुर्ची टाकून बसतात.

डिसेंबरात दोघं चिंचवडला जाणार आहेत. स्टुटगार्टच्या आसपास कुणी डबा सांभाळायला तयार असेल तर कळवा. तापमान पंचविशीच्या खाली नको. फवारणी एकाच कोपऱ्यात, तीही बेतानं. मीच ठेवून घेतला असता. पण आमच्या घरात ओलावा नाही, असं नानांचं ठाम मत आहे.