पद्धतशीर बाप

तुमच्या गल्लीतही तो असणारच. मूल पोटात असताना एका स्पीकरवर गर्भसंस्काराचे मंत्र आणि दुसऱ्यावर मोझार्ट लावणारा तोच तो. मोझार्टनं बुद्धी वाढते या समजुतीचं मूळ 1993 सालच्या ज्या प्रयोगात आहे, तो कॉलेजच्या 36 मुलामुलींवर झाला होता आणि त्यांची बुद्धी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं तरतरीत झाली होती, हे मी आमच्या या गृहस्थाला सांगून पाहिलं. "काकाजी, एवढ्या घोड्यांवर दहा मिनिटं असर, तर गर्भावर किती असंल, विचार करा!" तो म्हणाला. मी विचार केला आणि घरी आलो.

आमचा हा नमुना वर्ध्यात आर्वी नाक्याकडे राहतो, बँकेत नोकरी करतो. चिरंजीवांना मान धरता येऊ लागली तेव्हा ग्लेन डोमनच्या पद्धतीचे लाल अक्षरांचे पत्ते डोळ्यांपुढून सपासप फिरू लागले. चिरंजीवांनी त्यातला 'हत्ती' चावून खाल्ला. मग रेजिओ एमिलिया झालं, स्टायनर झाला, आणि अखेर गाडी मॉन्टेसरीवर येऊन थांबली. त्यातलं एकच वाक्य त्याच्या मनात रुतलं: मूल कशात रमलं असेल तर त्याला मधेच तोडायचं नाही. गल्लीला तेव्हापासून साडेसाती लागली.

पोरगं काहीही करत असो, हा ट्रॅफिक पोलिसासारखा तळहात उंच करतो आणि म्हणतो, "श्श! एकाग्र झालाय."

चिरंजीव पिठाच्या डब्यात बसलेत, एकाग्र. वहिनींचा मोबाइल बादलीत बुडवून बुडबुडे बघताहेत, एकाग्र. माझी कोल्हापुरी चघळताहेत, फारच एकाग्र. मी अर्धा तास एका पायावर. हिंगणघाटच्या लग्नात तर साहेब अंतरपाटाखाली शिरून नवरीच्या शालूची जर उसवत बसले. मंगलाष्टकं रंगात आलेली. मामानं ओढायला हात घातला, तोच तळहात वर. भटजी बिचारे थांबले. "अहो, मुहूर्त टळून राहिला!" "मुहूर्त पुन्हा काढता येतो गुरुजी, हा फोकस पुन्हा नाही यायचा."

घरात मॉन्टेसरीचा गुलाबी मनोरा आहे. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे, चढत्या मापाचे. आजींनी त्यातला एक मापून कूलरच्या डगमगत्या पायाखाली सरकवला. उरलेल्या नऊंपैकी सर्वांत मोठ्यावर चढून चिरंजीव शेंगदाण्याच्या बरणीपर्यंत पोचतात. मनोऱ्याचा इतका रोकडा उपयोग खुद्द मॉन्टेसरीबाईंच्याही ध्यानात आला नसेल.

आणि तुरीचा प्रसंग. आजी ओसरीवर सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. नातू येऊन समोर फतकल मारून बसला. आधी दोन्ही हात घातले, मग अंगठा आणि तर्जनी जवळ आणून त्यानं एक खडा उचलला. उन्हाला धरून पाहिला. बाजूच्या वाटीत टाकला. टण्ण आवाज आला तसा खुदकन हसला आणि दुसरा शोधू लागला. आजी एक दाणा उचलायच्या, तो एक खडा. छान चाललं होतं दोघांचं. तेवढ्यात बाप दारात आला, आनंदानं गहिवरला आणि तळहात वर गेला.

"श्श! एकाग्र झालाय."

"कायचा एकाग्र रे! तूर नाकात घालून राह्यला तो!"

तूर दवाखान्यात निघाली. डॉक्टर चिमटा घेऊन पुढे सरकले तेव्हा चिरंजीव त्यांच्या स्टेथोस्कोपमध्ये रमले होते. डॉक्टरांनाही तळहात दाखवण्यात आला.

आठवड्यानं ऑनलाइन मागवलेलं खोकं आलं. आत खणाखणांचा लाकडी ट्रे, एक चिमटा आणि प्लॅस्टिकचे रंगीत दाणे. किंमत ऐकून आजींनी पदर तोंडाला लावला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अरे, मॉन्टेसरीबाई 1939 साली आपल्याकडं आल्या, महायुद्धामुळे 1946 पर्यंत इथंच राहिल्या. त्यांची साधनं खेड्यात परवडायची नाहीत म्हणून ताराबाई मोडकांनी 1945 पासून बोर्डीला, पुढं कोसबाडला, अनुताई वाघांना सोबत घेऊन शंख-शिंपले, पानं, बिया यांच्यावर बालवाडी चालवली. पोरं येत नाहीत तर आपणच त्यांच्या अंगणात जाऊ, म्हणून अंगणवाडी."

"अंगणवाडी?" त्यानं चष्मा वर केला. "ती खिचडीची?"

मग मी त्याला सेवाग्रामला नेलं. आठ किलोमीटर. जन्म वर्ध्यातला असून त्याची फेरी फक्त पाहुण्यांना आश्रम दाखवण्यापुरती. बापूंनी 1936 साली लावलेल्या पिंपळाखाली चिरंजीव पानं गोळा करत होते (एकाग्र), तेव्हा मी सांगत होतो: 1937 च्या ऑक्टोबरात इथं वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीनं नई तालीमचा आराखडा केला. हातानं काम करता करता शिकायचं. आधी तो सात ते चौदा वयासाठी होता. 1945 मध्ये सेवाग्रामलाच ठरलं की ही तालीम जन्मापासून मरेपर्यंतची. आजही शेजारच्या आनंद निकेतनची पोरं वाफे करतात, सूत काततात, रांधतात आणि त्यातूनच गणित-विज्ञान शिकतात.

तो भारावला. फोटो काढले. गाडीत बसताना म्हणाला, "फारच ऑथेंटिक आहे काकाजी. पण आपल्या पोराले काय शेती थोडीच करायची आहे?"

याचे आजोबा देवळी तालुक्यात कपाशी पिकवत होते. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या कुणाचं तरी 'निसर्गाधारित' शिबिर झालं. चिरंजीवांनी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये मेथी पेरली आणि सर्टिफिकेट मिळवलं. आणि आता तीन वर्षं पुरी व्हायला आली, तसं एका शाळेत डोनेशनही भरून झालंय. तिथं नर्सरीलाच रोज चार पानं गिरवायची असतात. "ते सिस्टिममध्ये जायलाच लागते," असं म्हणताना त्याचा आवाज थोडा खाली गेला.

चिडचिड होते, पण एक गोष्ट नाकारून चालणार नाही. बँकेतून आल्यावर हा माणूस बूट काढतो आणि जमिनीवर बसतो. पँटचे गुडघे विरलेत. पोराचा कुठला शब्द कधी फुटला, भात कुठल्या हातानं उचलतो, कशाला भितो, हे त्याला तोंडपाठ. आमच्या पिढीतल्या बापांना पोराची इयत्तासुद्धा प्रगतिपुस्तकावरून कळायची. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं पोर उचलणं हा निर्लज्जपणा होता. याचे वडील, बाबूजी, त्याच शिस्तीतले. मुलगा तापानं फणफणला होता तेव्हाही ओसरीवरून "कसं आहे त्याचं?" एवढंच विचारलं, असं आजी सांगतात.

परवा गेलो तर बापलेक ठोकळे लावत होते आणि बाबूजी दाराच्या चौकटीला धरून कितीतरी वेळ उभे. शेवटी खाकरले.

"मी बसू काय जवळ? तुयी ॲक्टिव्हिटी तं नाही मोडणार?"

पोरानं त्यांच्याकडं एक ठोकळा सरकवला. बाबूजी गुडघ्यावर हात टेकत, कण्हत खाली बसले. तीन पिढ्या एका सतरंजीवर.

पद्धतशीर बाप माझ्या कानाशी आला. "याला इंटरजनरेशनल लर्निंग म्हणतात, काकाजी. बेंगळुरूला वीकेंड कोर्स आहे."

बाबूजींना त्यानं कोर्सची फी सांगितली नाही, एवढं मात्र त्याचं चांगलं.