बॉनेटकाका

मीरा रोडच्या कुठल्याही सोसायटीत गाडीचं बॉनेट उघडा, पाच मिनिटांच्या आत एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहतात. अर्ध्या बाह्यांचा सदरा, लेंगा, चष्मा कपाळावर आणि हातात दुधाची पिशवी. ते दूध घरी कधी पोचतं, ते काकूंनाच ठाऊक. माघारी सगळे त्यांना बॉनेटकाका म्हणतात. हे त्यांच्या कानावर गेलंय, पण त्यांना ती पदवी वाटते.

वीज कंपनीतून निवृत्त झाल्यामुळे इंजिनात त्यांना रस नाही. हेडलाइट बंद पडला, की मात्र त्यांची कळी खुलते. "कधीपासून?" ते डॉक्टरी सुरात विचारतात.

याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. गोल्डन नेस्टपासून काशिमिऱ्यापर्यंत रस्त्यावरचे दिवे आणि दुकानांच्या पाट्या यांचा एवढा लखलखाट असतो, की हेडलाइट गेलेला कळतच नाही. माणूस महिनोन्महिने एका दिव्यावर हिंडतो. एखाद्या रविवारी रात्री मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकून उत्तनकडे निघाला, की त्याला खरा अंधार भेटतो आणि बिघाड आत्ताच झाला असं वाटतं. काका बरोबर ओळखतात. "दोन्ही बल्ब एकदम जात नसतात हो. पहिला गणपतीतच गेला असणार, तुम्हाला पत्ता नाही!"

पंचाईत अशी, की त्यांचं ज्ञान खरं आहे. अप्पर लागतो आणि डिपर लागत नाही? मग बल्बमधली एकच तार गेली. एच-फोर बल्बात दोन तारा असतात, डिपरची 55 वॉटची आणि अप्परची 60 ची. दोन्ही बाजूंचं सगळंच एकदम गेलं, तर बल्बच्या नादी न लागता रिले आणि स्विच बघायचा. उजेड मिणमिणता असेल तर अर्थिंग. मिठागरांच्या गावात खाऱ्या वाऱ्याने अर्थची तार जिथे बॉडीला कसलेली असते, तिथे गंज धरतो. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणा राहिला तर बल्ब लवकर उडतो. हौसेने 100 वॉटचे बल्ब टाकले, तर होल्डर वितळतो. एकही वाक्य खोडून काढता येत नाही.

फक्त क्रम उलटा. सुरुवात 'पूर्ण वायरिंग बदला'पासून. तिथून अल्टरनेटर, मग बॅटरी, मग मागच्या मालकाचं चारित्र्य. स्वतः ते कशालाही हात लावत नाहीत, पिशवी हातात असते ना. मेकॅनिक आला की ते हिंदीत शिरतात. "भैया, पहले अर्थिंग देखो!" भैया टेस्ट लॅम्प काढतो आणि काकांकडे पाठ करतो. काकांची स्वतःची गाडी? होती. सारखी बिघडायची म्हणून विकली.

मागच्या पावसाळ्यात सी विंगमधल्या एका गाडीभोवती असंच संमेलन भरलं होतं. काका रिलेवर बोलत होते. वॉचमनने मुकाट्याने फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं, जळलेला निळा 15 अँपिअरचा फ्यूज चिमट्याने उपसला, झाकणातच ठेवलेला जादा फ्यूज बसवला. दोन्ही दिवे लख्ख लागले. टाळ्या पडल्या.

काकांचा चेहरा मात्र पडला. लागलेल्या दिव्याबद्दल बोलायचं तरी काय! क्षणभराने ते सावरले. "तात्पुरतं आहे हे. फ्यूज उगाच जळत नाही. मूळ दुखणं वेगळंच आहे."

हेही बरोबरच होतं. आठवड्याभरात तो फ्यूज पुन्हा उडाला. कुठेतरी घासलेली वायर बॉडीला टेकत होती. काका तेव्हापासून वॉचमनशी बोलत नाहीत.

तेव्हा उत्तनला निघण्याआधी गाडी पार्किंगमधल्या भिंतीसमोर उभी करा, अप्पर-डिपर मारा आणि भिंतीवर दोन्ही दिव्यांचा उजेड पडतो का ते बघा. बॉनेट मात्र सोसायटीच्या आवारात उघडू नका.