जाताना दोन, येताना चार

फोर बाय फोर गाडी घेणाऱ्याला ती का घेतली असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "कुठंही जाता येतं." हे 'कुठंही' बहुतेकदा सह्याद्रीत असतं. जंगलातला कच्चा रस्ता, रस्त्याच्या टोकाला ओढा, ओढ्याकाठी तंबू आणि तीन दगडांच्या चुलीवर धुराची चव लागलेला चहा. माझं म्हणणं एवढंच, की तिथं जायला ही गाडी लागतच नाही. तिथून परत यायला लागते. पुरावा भूगोलाच्या पहिल्या धड्यात आहे. पाणी सगळ्यात खालच्या जागी असतं, म्हणून ओढ्याकाठी पोचणारा कुठलाही रस्ता शेवटी उतरतोच. उतरायला चार चाकांची ताकद कशाला? उतारावर बिघडलेली गाडीसुद्धा पोचते, किंबहुना जरा जास्तच लवकर पोचते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीतून एखादी सर येऊन गेलेली असते, मातीचा चिखल झालेला असतो, आणि काल ज्या उताराचं कौतुक करत आपण खाली आलो, तोच आता चढ होऊन समोर उभा असतो.

केवळ 'जाण्या'चाच प्रश्न असेल, तर तो आपल्या एसटीनं कधीच सोडवला आहे. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली बस सुटली, तेव्हापासून ही गाडी मागच्या दोन चाकांच्या ताकदीवर घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांना जाते आहे. तिच्यात पन्नास माणसं, कोंबड्या आणि कुणाचं तरी पत्र्याचं कपाट असतं. तिला पाहून फोर बाय फोरवाल्यानं थोडं ओशाळायला हरकत नाही. या छंदातली मुरलेली माणसंही हेच सांगतात, फक्त वेगळ्या शब्दांत: शक्य तोवर दोन चाकांवर जावं आणि अडकलं की चारचा दांडा ओढावा. जो आधीच चारवर गेला, तो अडकतो तेव्हा त्याच्या हाती काही शिल्लक नसतं, आणि शिवाय तो गावापासून जास्त लांब अडकलेला असतो.

यावर इतिहासाचा अभ्यास असलेला माणूस म्हणेल, की जीप तर रणांगणात पुढं घुसायलाच जन्माला आली. हे अर्धंच खरं आहे. १९४० मध्ये अमेरिकी सैन्यानं जी छोटी गाडी मागवली, ती टेहळणीसाठी. टेहळणीला गेलेला माणूस परत आला नाही, तर त्यानं पाहिलेल्याचा उपयोग कुणाला होणार? त्या गाडीच्या कामातला मोलाचा भाग परतीचाच होता. पुढं महिंद्रांनी हीच विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली आणि २०१० मध्ये त्या घराण्यात थार आली. म्हणजे मूळ हेतू बदललेला नाही, फक्त जाहिरातीत गाडी नेहमी डोंगराकडं तोंड करून उभी असते.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. लो गिअर उतरतानाही कामाला येतो. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. मान्य, इथं मला एक पाऊल मागं घ्यावं लागतं. पण ब्रेकच्या बाबतीत एक गोष्ट दांडा ओढणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात, साध्या हॅचबॅकलासुद्धा. ओल्या उतारावर थांबण्याच्या कामी फोर बाय फोरला कुठलाही खास मान नाही. आणि चार चाकं म्हणजे चारही चाकं ओढतात हाही एक समज आहे. साधा डिफरन्शियल ताकद सोप्या वाटेनं पाठवतो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत लटकलं, की तीच दोन गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ बसतात. ज्याच्यावर भार नाही त्याचीच धावपळ सर्वांत जास्त, हे कचेरीत नोकरी केलेल्यांना समजावून सांगावं लागत नाही. या रोगावर डिफरन्शियल लॉक हे औषध आहे, पण ते सगळ्याच गाड्यांत मिळत नाही.

आता ओढा. २०२० च्या थारची पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे. म्हणजे साधारण गुडघ्याच्या वर. पण पाणी गुडघ्याच्या वर आहे हे कळायला आधी कुणाचा तरी गुडघा पाण्यात घालावा लागतो. थोडक्यात, जिथं गाडी जाणार तिथं माणूस आधीच पायी जाऊन आलेला असतो, पँट दुमडून, काठी टेकत. आणि मुक्कामासाठी ओढा ओलांडायची गरज काय, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. अलीकडच्या काठावरही तंबू लागतो, आणि पात्रातली मासळी चाकाखाली येत नाही. त्यातून आपला ओढा मोठा लहरी. पावसाळ्यात पाणी असतं पण काठावर झोपणं शहाणपणाचं नाही, कारण पाऊस वर घाटमाथ्यावर पडतो आणि लोंढा चांदण्यात झोपलेल्यांकडं येतो. उन्हाळ्यात झोपायला हरकत नाही, पण बऱ्याच ठिकाणी दगडच उरलेले असतात. दिवाळी ते संक्रांत एवढाच काय तो मुहूर्त. आणि अभयारण्याच्या हद्दीत १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, त्याला गाडीची किती चाकं ओढतात याच्याशी देणंघेणं नाही. परवानगी नसेल तर चारही चाकं बाहेर.

शेवटचा आक्षेप माझ्याच सिद्धान्ताच्या मुळावर येणारा आहे. ही परतीची गाडी परतताना रुतली, की वरच्या गावातून ट्रॅक्टर बोलवावा लागतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांची फक्त मागची दोन चाकंच ओढतात. दोन चाकांनी चार चाकांना ओढून काढलं, मग चारचं महत्त्व राहिलं कुठं? पण ट्रॅक्टरवाला काय करतो ते बघा. तो खाली उतरतच नाही. वर कोरड्या जमिनीवर उभा राहतो, लांब साखळी खाली सोडतो आणि तिथूनच ओढतो. परतीचा विचार जाण्याआधी केलेला असा तिथं तो एकटाच असतो. आपण म्हणतो, गाडी वर येऊ दे, पैशाचं मग बघू. तो साखळी हातातच धरून ठेवतो आणि म्हणतो, आधी बघू.