देवी एका मताने विजयी

नवरात्र तोंडावर आलं की दोन प्रकारची माणसं माइकचा ताबा घेतात. पहिला प्रकार म्हणतो, आमच्या पूर्वजांनी देवी पूजली, बाईचा मान राखला, आता आणखी काय हवं? दुसरा म्हणतो, देवी होती म्हणजे एकेकाळी बायकांचंच राज्य होतं. मग पुरुष घुसले आणि वाट लागली. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण हिशेबाची रीत एकच. देवळात बाई दिसली ना, मग घरात, शेतात आणि सभेतही तिचंच चालत असणार! या दोघांनाही आज जरा अथेन्सला फिरवून आणू. खर्च सदराचा.

अथेन्सच का, तर तिथे देवीने रीतसर निवडणूक लढवली होती. ही गोष्ट व्हॅरो नावाच्या रोमन पंडिताची. पुढे पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने ती आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली. राजा केक्रॉप्सच्या गावात एके दिवशी अचानक ऑलिव्हचं झाड उगवलं आणि दुसरीकडे पाणी उसळलं. राजाने डेल्फीला कौल लावला. उत्तर आलं : झाड म्हणजे अथीना, पाणी म्हणजे समुद्राचा देव पोसायडन; गावाला कोणाचं नाव द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. राजाने सभा बोलावली. त्या काळी म्हणे बायकांनाही मत होतं. झाडून सगळे पुरुष पोसायडनकडे, झाडून सगळ्या बायका अथीनेकडे. मोजणीत बायका एकने जास्त भरल्या. देवी एका मताने विजयी!

पडलेल्या उमेदवाराने फेरमोजणी मागितली नाही. त्याने सरळ गावात समुद्र सोडला. त्याची समजूत काढायला मग शिक्षा ठरली, तीही मतदारांना आणि त्यातल्या निम्म्यांनाच. बायकांचं मत गेलं. मुलांना आईचं नाव लावणं बंद झालं. अथेन्सच्या रहिवासी म्हणून मिरवायची सोय उरली नाही. यावर विजयी देवीने काय केलं? काही नाही. परक्यांच्या देवांना चिमटे काढायची ऑगस्टीनला हौसच होती. त्याने बरोबर बोट ठेवलं, की ही बाई निवडून आली आणि आपल्याच मतदारणींच्या मदतीला धावली नाही. आपल्याकडे निदान बहिणी लाडक्या ठरल्या की महिन्याला दीड हजार खात्यात पडतात.

आईच्या नावाची शिक्षा मागे घ्यायला महाराष्ट्राने तसा उशीर केला नाही, 2024 मध्येच घेतली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आई, मग बाप, मग आडनाव. पण म्हणून लगेच मातृसत्तेचे पेढे वाटू नका. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईची ओळख लावत होते. गादी मात्र पुत्राचीच. नाशिकच्या लेण्यात खुद्द गौतमी बलश्रीने लेख कोरवून घेतला, त्यात कौतुक कोणाचं? लेकाचं.

आता दुसऱ्या प्रकारच्या मंडळींकडे वळू. त्यांचे मूळपुरुष म्हणजे स्वित्झर्लंडचे कायदेपंडित बाखोफेन. 1861 साली त्यांनी मातृसत्तेवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि ही निवडणुकीची गोष्ट पुरावा म्हणून दाखल केली. बघा, आधी मत बायकांचंच होतं! पण गोष्ट सांगतंय कोण? बायकांना मत न देणारं गाव, ते का देत नाही याचा खुलासा म्हणून. वाटणीतून बहिणीला वगळायचं आणि वर सांगायचं, तिनेच राजीखुशीने हक्कसोडपत्र लिहून दिलं. त्यातली ही गत. असल्या जबानीवर तलाठीसुद्धा फेरफार करत नाही, बाखोफेननी युग उभं केलं.

बरं, त्या पडलेल्या पोसायडनचं पुढे काय झालं? ते कोल्हापूरकरांना विचारा. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940च्या दशकात प्राचीन वस्तूंचा साठा निघाला, त्यात पोसायडनची लहानशी ब्राँझची मूर्ती होती. रोमशी व्यापार चालायचा त्या काळात ती इकडे आलेली. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ती ठेवलेली आहे. म्हणजे बायकांच्या मतांनी पडलेला देव उतरला तो थेट अंबाबाईच्या गावात! करमलं असणार त्याला. 2016 साली याच गावात अंबाबाईच्या गाभाऱ्यात बाईने पाय ठेवायचा की नाही, यावरून हातघाई झाली. त्याच वर्षी शनिशिंगणापूरच्या निमित्ताने विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला बजावलं, की मंदिरप्रवेशाचा कायदा राज्यात 1956 पासून आहे, तो पाळा. साठ वर्षं कायदा बाहेर चपला सांभाळत उभा होता.

परत अथेन्स. सत्तेवर आल्यावर अथीनेने स्वतःचं मत कुठे टाकलं, तेही बघून घेऊ. एस्किलसच्या नाटकात, इ.स.पू. 458 मध्ये, खटला उभा राहतो. ऑरेस्टिसने आईला मारलंय, कारण आईने बापाला मारलं होतं. आरोपीचा वकील साक्षात अपोलो देव. त्याचा युक्तिवाद असा, की जन्म देतो तो बाप, आई म्हणजे बी सांभाळणारी दाई. आईवाचून मूल होतं याचा पुरावा म्हणजे ही समोर बसलेली अथीना, बापाच्या डोक्यातून जन्मलेली. अथीना मान डोलावते आणि आपलं मत ऑरेस्टिसच्या पारड्यात टाकते. मतं समसमान, आरोपी सुटला. वास्तविक अथीनेला आई होती, मेटिस. गरोदर असताना झ्यूसने, म्हणजे अथीनेच्या बापानेच, तिला गिळून टाकलं. आधी आई गिळायची आणि मग आई नव्हतीच म्हणून मुलीला साक्षीला उभं करायचं! हे ज्याला सुचलं त्याला वकिलीत मरण नाही.

याच देवीसाठी इ.स.पू. 447 ते 432 या काळात पार्थेनॉन उभं राहिलं. आतल्या मूर्तीवर सुमारे चाळीस टॅलेंट सोनं, म्हणजे आपल्या हिशेबाने टनभर. मात्र पेरिक्लीस मुरलेला कारभारी. सोनं काढता-घालता येईल असंच बसवलेलं; लढाईत पैसा कमी पडला तर देवीच्या अंगावरचं मोडता येईल, नंतर भरून द्यायचं, असं त्याने लोकांना सांगूनही टाकलं. मोडायचं की नाही हे देवीला विचारायचा प्रश्न नव्हता. पुढे लाखारेस नावाच्या हुकूमशहाने ते उतरवून नेलं, तेव्हाही कोणी विचारलं नाही.

पुढे स्पार्टाच्या राज्याशी युद्ध जुंपलं. त्याच्या पहिल्याच वर्षी लढाईत पडलेल्यांसाठी याच पेरिक्लीसने जे भाषण केलं, ते लोकशाहीची पोथी म्हणून जगभर वाचलं जातं. त्याच्या शेवटी विधवांसाठी दोन वाक्यं आहेत. मथितार्थ असा, की पुरुषांच्या तोंडी जिचं नाव कमीत कमी येतं, चांगल्यासाठीही आणि वाईटासाठीही, ती बाई थोर. ज्या गावाचं नावच बाईवरून, त्या गावात हे भाषण! देवीचा चेहरा नाण्यावर, नाव देवळावर, शपथेत. घरच्या बाईचं नाव कोर्टातही सहसा घ्यायचं नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी म्हटलं की काम भागे.

इ.स.पू. 451 मध्ये पेरिक्लीसनेच कायदा करवला होता, की आई आणि बाप दोन्ही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. म्हणजे नागरिक जन्माला घालायला बाई अथेन्सची लागणार, पण सभेत ती बसणार नाही. पुढे साथीत पेरिक्लीसची दोन्ही औरस मुलं गेली. उरला मिलेटसच्या अस्पाशियापासून झालेला मुलगा, आई परगावची, म्हणून नागरिकत्वाला मुकलेला. मग साहेबांनी सभेकडून खास सवलत मिळवली. कायदा सगळ्यांना सारखा, अर्ज मात्र कोणाचा आहे ते बघून.

बाकी बायकांचं काय? आधी बाप, मग नवरा, नंतर मुलगा, असा पालक जन्मभर डोक्यावर. त्याला वगळून तिने व्यवहार करायचा तर एका माप जवापुरता, म्हणजे पन्नासएक लिटर. भाजी-भाकरीपुरतं स्वातंत्र्य म्हणा. बापाला मुलगा नसेल तर इस्टेटीसकट मुलगी जवळच्या भाऊबंदाच्या गळ्यात. वेळप्रसंगी तिचा असलेला संसार मोडूनही. आणि वर्षातून एकदा तीन दिवस डिमिटर देवीचा उत्सव. पुरुषांना मज्जाव, कारभार बायकांचा, पुढारीणबाई बायकांनीच निवडलेल्या, खर्च नवऱ्यांचा. चौथ्या दिवशी सगळं पूर्ववत. आपला 8 मार्च एकाच दिवसात आटोपतो, एवढाच फरक.

आता स्पार्टा. अथीनेचं देऊळ तिथेही होतं, पण पार्थेनॉनचा थाट नव्हता. बायकांच्या नावावर मात्र जमीन होती. इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल कुरकुरतो, की स्पार्टाच्या पाच हिश्श्यांपैकी दोन हिस्से जमीन बायकांकडे गेली. त्याला हे त्या राज्याचं दुखणं वाटलं. तिथल्याच राजघराण्यातल्या किनिस्काने इ.स.पू. 396 मध्ये ऑलिंपिकची रथशर्यत जिंकली. घोडे तिचे, म्हणून विजय तिचा. अर्थात त्या जमिनी कसणाऱ्या हेलॉट गुलामांतही बायका होत्याच, त्यांच्या नावे ना जमीन ना घोडा. तरी मुद्दा उरतोच : बाईची पत वाढली ती सातबाऱ्याने.

मग अथेन्सच्या बाईच्या हाती काहीच नव्हतं का? होतं, आणि तेही देवळातच. फक्त भक्तीमुळे नव्हे, नोकरीमुळे. देवीची पुजारीण बाई असायची आणि तो अधिकार सरकारमान्य होता. गडावरच्या अथीनेचं पुजारीणपद एका ठरलेल्या घराण्यात चाले. लिसिमाखी नावाच्या बाईने ते चौसष्ट वर्षं सांभाळलं. स्पार्टाचा राजा क्लिओमिनीस इ.स.पू. 508 मध्ये फौजेनिशी गडावर चढला, तर पुजारीण आसनावरून उठली आणि त्याला म्हणाली, मागे फिर, तुम्हा लोकांना इथे प्रवेश नाही. गाभाऱ्याच्या दारात बाईने राजाला अडवलं. कोल्हापूरकरांनी हे दोनदा वाचावं. इ.स.पू. 415 मध्ये अल्किबायडिस या सेनापतीला देवद्रोही ठरवून सगळ्या पुजाऱ्यांना त्याला शाप द्यायचा हुकूम निघाला. थेआनो नावाची पुजारीण तेवढी अडली. प्रार्थनेसाठी मी नेमलेली आहे, शापासाठी नाही, असं तिने सांगितलं. लोकसभेच्या ठरावाला नाही म्हणायची सोय अथेन्समध्ये दुसऱ्या कुठल्या बाईला होती?

आणि आता एक दगड. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अथेन्सच्या सभेने ठराव केला : विजयदेवता अथीना नायकीसाठी पुजारीण नेमावी, ती सगळ्या अथेन्सकर बायकांमधून; तिला वर्षाला पन्नास द्राख्मे आणि सरकारी बळींच्या तंगड्या आणि कातडी द्यावीत; आणि वास्तुकार कॅलिक्रेटिस सांगेल तसं देऊळ बांधावं. घराणं नाही, वशिला नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. मिऱ्हिनी नावाच्या बाईच्या थडग्यावर तिच्या माणसांनी अभिमानाने कोरून ठेवलंय, की त्या देवळाची पहिली पुजारीण ही, आणि निवड चिठ्ठीने. पन्नास द्राख्मे म्हणजे कसबी कामगाराची सुमारे पन्नास दिवसांची मजुरी. फार नाही. पण टनभर सोन्याच्या मूर्तीने अथेन्सच्या साध्या घरातल्या बाईला जे दिलं नाही, ते या आकड्याने दिलं. पद दिलं, मोबदला दिला आणि नाव कोरायला दगड दिला.

तो ठरावाचा दगड आजही आहे. पण त्याची पाठही वाचायला हवी. मागच्या बाजूला काही वर्षांनंतरचा आणखी एक ठराव कोरलाय. त्यात देऊळ नाही, देवीचं गुणगान नाही. खजिनदारांना एवढंच फर्मावलंय, की पुजारणीचे ते दगडावर लिहिलेले पन्नास द्राख्मे अमुक महिन्यात तिला देत जावेत. मधल्या काळात काय झालं असेल, ते मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडून बसणाऱ्या अंगणवाडी सेविकांना समजावून सांगावं लागणार नाही. देवळासाठी त्या दगडावर ठराव एकदाच आहे. बाईच्या पन्नास द्राख्म्यांसाठी दोनदा.