पास आहे का?

नांदेड-लातूरकडच्या माणसाला नाटकाचं वेड नाही, असं म्हणणारा एकतर पुण्याचा असतो, नाहीतर त्याच्यावर कधी पास वाटायची वेळ आलेली नसते. वेड भरपूर आहे. ते फक्त तिकीटखिडकीच्या अलीकडे थांबतं.

हौशी नाटकवाल्याला विचारा. बिचारा अजून संहितेच्या झेरॉक्स काढत असतो, तेवढ्यात गावभर बातमी होते. मग चौकात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत एकच चौकशी. नाटक कशावर आहे, लिहिलं कुणी, काम कोण करतंय, यातलं काही कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच : "पास हाय का?" नाही म्हटलं की माणूस दुखावतो. "आता आमच्याकडूनबी पैसे घ्यायलास व्हय?" गंमत म्हणजे हाच मित्र परवा आग्रह करकरून बिर्याणी खाऊ घालतो आणि बिलाला हात लावू देत नाही. आमच्याकडची माणसं दिलदार आहेत, यात वाद नाही. पण तिकीट काढणं हा त्यांना अपमान वाटतो.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी नाट्यस्पर्धा २०२२ मध्ये साठावी झाली. प्राथमिक फेरीसाठी नांदेडला केंद्र असतं, लातूरलाही असतं. कधी कुसुम सभागृह, कधी शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह, कधी दयानंद सभागृह. रोज संध्याकाळी एक नवं नाटक. तिकिटाचा दर असा, की त्या पैशात स्टँडवर भज्यांची प्लेटसुद्धा धड येत नाही. तरीही लोक पास शोधतात! नाममात्र पैशाच्या तिकिटाचा पास मिळवायला पेट्रोल जाळत गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. हिशेबात आपण कच्चे नाही. आपल्याला पैसे वाचवायचेच नसतात. आपल्याला दाराशी उभ्या असलेल्या पोराला म्हणायचं असतं, "ओळखलं नाही का?"

आत काय दिसतं? पहिल्या दोन रांगांवर 'मान्यवरांसाठी राखीव' अशी चिठ्ठी. त्या दोन रांगा शेवटपर्यंत रिकाम्या. मागे नटाचे काका, नटीची मावशी, नेपथ्यकाराचा अख्खा मोहल्ला. मधे तीन परीक्षक, मंद दिव्याच्या उजेडात कागदावर वाकलेले. घोषणा होते, घंटा होते, पडदा उघडतो. जिल्हा परिषदेतला एखादा लिपिक बाप म्हणून उभा राहतो, पोराच्या मरणाची बातमी ऐकतो आणि थांबतो. तो विराम त्यानं महिनाभर घासलेला असतो. शाळेच्या हॉलमध्ये, डास मारत. विराम बरोबर पडतो, सभागृह गप्प होतं, आणि पाचव्या रांगेत मोबाइल वाजतो. बंद केला तर तो आपला प्रेक्षक कसला? तो उचलतो. "हां बोल. नाटकात हाय. नाही नाही, बोल की, ऐकायलो."

ऐकायलो! पण कुणाचं?

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संघाचं नाटक. कालचे काका-मावशी गायब. कालचे कलावंतही गायब, कारण दुसऱ्याचं नाटक पाहणं म्हणजे शत्रूला रसद पुरवणं. निकाल लागला की पहिला आलेला संघ अंतिम फेरीला जातो. बाकीच्यांचं काय? त्यांच्या नाटकाचा पहिला प्रयोग हाच शेवटचा प्रयोग. तीन महिने तालीम, कर्ज काढून नेपथ्य, बायकोचे टोमणे, आणि दोन तासांत सगळं संपून टेम्पोत. दुसरा प्रयोग का करत नाही, असं विचारा. हॉलचं भाडं कोण देणार? प्रेक्षक. प्रेक्षक कुठे आहेत? पास शोधताहेत.

आता म्हणाल, मराठवाडा गरीब, दुष्काळी. नाटकाला पैसे आणायचे कुठून? हे मला पटलं असतं, लातूरमध्ये क्लासच्या फीच्या पावत्या पाहिल्या नसत्या तर. ज्या गावानं 'लातूर पॅटर्न' काढला, तिथं 'नीट'च्या टेस्ट सिरीजचा पास कुणी मागत नाही. 'बारावीनंतर काय' या विषयावर व्याख्यान असलं की हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आई-बाप पायऱ्यांवर बसून वहीत टिपणं काढतात. त्याच घरातलं पोरगं नाटकात काम करतो म्हणालं, तर उत्तर ठरलेलं : "आधी बारावी होऊ दे." मग बारावी होते, डॉक्टरकी होते, लग्न होतं. नाटक तेवढं राहतं.

आणि तिकीट काढायची सवयच नाही, हेही खोटं. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या जत्रेत जाऊन बघा. मार्गशीर्षातली थंडी, तमाशाच्या फडांचे तंबू आणि तिकिटासाठी रेटारेटी. तिथं कुणी फडमालकाला "मी अमक्याचा मेहुणा" म्हणून सांगत नाही; सांगितलं तर काय ऐकावं लागेल, ते त्याला माहीत असतं. शेतकरी मुकाट्यानं पैसे मोजतो, आत बसतो आणि आवडलं नाही तर तिथल्या तिथं ओरडून सांगतो. फडही त्याला भिऊन असतो. नाट्यसंस्कृतीचं माहेरघर म्हणवणाऱ्या शहरांनी या तंबूत आठवडाभर शिकवणी लावावी. फी भरून.

बाहेरून आलेल्या गोष्टीची किंमत आपल्याला फार. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं, मिरजेहून. पुढेपुढे पन्नास वाघिणींची गाडी, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. मिरजेच्या शेजारच्या सांगलीतच विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटकाची सुरुवात झाली. म्हणजे त्या मुलखानं महाराष्ट्राला नाटक दिलं आणि लातूरला पाणी दिलं. पाणी आपण जपून वापरलं. नाटकाचं म्हणाल तर त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. नटराजपूजन होतं, नारळ फुटतो, शाली पांघरल्या जातात, ज्येष्ठांची भाषणं होतात. नाटक तेवढं होत नाही.

मुंबईचं नाटक दौऱ्यावर आलं की मात्र थाट वेगळा. नट मालिकेतला असेल तर तिकिटं विकली जातात, सेल्फीसाठी मेकअपरूमच्या दाराशी चेंगराचेंगरी होते. तिथंही ठेकेदाराचं पहिलं काम पासांची यादी करणं : हे खातं, ते खातं, नगरसेवक, नगरसेवकाचे पाहुणे, आणि आम्ही पत्रकार. हो, आम्हीही. आम्ही तर परीक्षण लिहू म्हणून पास घेतो आणि मध्यंतरात वडा खाऊन निघतो.

पण मुंबईचं म्हणजे कुणाचं? 'जिगीषा' ही मंडळी तेव्हाच्या औरंगाबादची. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी तिथून मुंबईला गेले आणि १९९१ साली 'चारचौघी' रंगमंचावर आलं. २०२२ मध्ये ते पुन्हा आलं तेव्हाही लोकांनी रांगा लावल्या. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचा राजकुमार तांगडे शेती करत, गावातली माणसं जमवत नाटकं करायचा. वीजचोरीवर 'आकडा' केलं. मग त्यानं लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ मध्ये आलं, नंदू माधव यांनी बसवलं, आणि मुंबई-पुण्याचे लोक तिकीट काढून मराठवाड्याची बोली ऐकायला आले. म्हणजे आपला माल आपल्याला आवडतो. फक्त तो आधी मुंबईला जाऊन, शिक्का मारून, जीएसटीसह परत यावा लागतो.

जे गेले नाहीत, त्यांचं काय? 'वाटा-पळवाटा' लिहिणारे दत्ता भगत नांदेडचे. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत आणि भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर भल्याभल्यांशी वाद घालत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात तर ललित व प्रयोगजीवी कलांचं अख्खं संकुल आहे. पोरं तिथं पदवी घेऊन नाटक शिकतात. लिहिणारे झाले, विचार करणारे झाले, शिकणारे आहेत. नाट्यशास्त्रात चांगल्या प्रेक्षकाचीही लक्षणं दिली आहेत : पात्राच्या आनंदात आनंदी होणारा, दुःखात दुःखी होणारा. आमच्याकडे येऊन बसले असते, तर भरतमुनींनी त्यात एक कलम वाढवलं असतं : स्वतःच्या पैशानं आलेला.

कारण पास नाटकाच्या गल्ल्याला बुडवतो, हे तर झालंच. तो नाटकालाही बिघडवतो. फुकट आलेला माणूस सभ्य होतो. नाटक कितीही कंटाळवाणं असो, बाहेर पडताना हात हातात घेऊन म्हणतो, "मस्त झालं!" म्हणणारच, आत सोडलंय ना फुकट. दिग्दर्शकाला वाटतं, खरंच मस्त झालं. पुढच्या वर्षी तो तसंच नाटक करतो, आणखी अर्धा तास लांब. तोच निळा स्पॉट, तेच पांढऱ्या साडीतलं प्रतीक, तोच शेवटी प्रेक्षकांकडे बोट दाखवून विचारलेला सवाल. कुणी त्याला सांगतच नाही की बाबा, दुसऱ्या अंकात आम्ही झोपलो होतो. सांगणार कसं? झोपही फुकटचीच होती.

म्हणून हौशी मंडळींना एक विनंती. यंदा घरच्यांनासुद्धा पास देऊ नका. आईलाही तिकीट काढू द्या. ती तरी खरं बोलेल. हॉल अर्धा रिकामा राहिला तर राहू द्या, तसाही पुढच्या दोन रांगांचा तुम्हाला सराव आहेच. आणि वाचकहो, हिवाळ्यात स्पर्धा लागली की खिडकीवर जा, पैसे टाका, ओळख देऊ नका. नाटक आवडलं तर दुसऱ्या प्रयोगाची मागणी करा, पैसे आगाऊ द्या. नाही आवडलं तर मध्यंतरात उठून सरळ घरी जा. पैसे भरून उठून गेलेला एक माणूस, फुकट बसून टाळ्या वाजवणाऱ्या शंभरांपेक्षा आमच्या रंगभूमीच्या जास्त उपयोगाचा आहे.