मंगळवारी वाघाला सुट्टी, धाकटीला नाही

अहो, ऐकलंत का? तुमच्या कानावर आलंच असणार म्हणा, भद्रावतीत काय लपून राहतंय... पण थोरलीचं तोंड कसं पडलं, ते कोणी नसेल सांगितलं. मी तिथेच बसले होते ना!

ती धाकटी हो, फॅक्टरीवाल्याची. मोहर्लीच्या रस्त्याला त्यांचं वावर आहे, तिथे तिने पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या. वर कवेलू, पुढे सारवलेली ओसरी. संडास मात्र एकदम फर्स्टक्लास. तर तिची थोरली जाऊ भर हळदीकुंकवात म्हणते कशी, "काहून वो, जैन मंदिराची धर्मशाळा बंद पडली काय? तुह्या वावरात कोन झोपाले येनार?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू. धाकटी आपली तिळगूळ चघळत बसली.

आणि मग सातबारा आडवा आला! सरकारचं ते 2020चं कृषी पर्यटन धोरण आहे ना, किमान एक एकर शेत लागतं. शेत आहे, पण सामाईक. म्हणजे थोरल्या भावाची संमती हवी. थोरलीला वाटलं, झालं, आता बसते ही घरी. आठ दिवस "ह्यांना सवड नाही" चाललं होतं. शेवटी सासूबाईंनी पानाचा डबा खटकन मिटला, म्हणाल्या, "सही कर रे." बस्स! थोरलीच्या बशीतला चहा तसाच थंड झाला हो...

तर काय सांगत होते? हां, मंगळवार. ताडोबा मंगळवारी बंद असतो, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही पाठ. पण पुण्याच्या लोकांना काय माहीत? एक कुटुंब सोमवारी भांदक स्टेशनावर उतरलं, रात्री पाटवडी-रस्सा हाणला, आणि सकाळची जिप्सी विचारायला लागलं. कळल्यावर साहेबांचा चेहरा असा उतरला म्हणता! बायको तर त्यांच्याकडे बघेचना. बुकिंग त्यांनीच ठरवलेलं ना.

धाकटी म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला." आधी विजासनची लेणी. लांबलचक बोगद्यासारखी वाट, दोन बाजूंना फाटे, आणि टोकाला बसलेले बुद्ध. मग भद्रनागाचं दर्शन, डोलारा तलावावरचा जुना दगडी पूल, आणि मिरमिरांच्या ग्रामोदय संघात मातीची भांडी. वर ठोकून सांगितलं, की चीनहून ह्यूएन त्सांग आला तो इथेच, पुरातत्त्ववाले कनिंगहॅमसाहेब सांगून गेलेत. विद्वान लोक भांडतात म्हणे त्यावर. भांडेनात का, आपल्याला काय! साहेब तर त्या लेण्यांत जे रमले... ताडोबाच्या सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत ना, ती फोटोंची सगळी हौस त्यांनी तिथे भागवली. आता धाकटी मुद्दामच सोमवारचे पाहुणे घेते. बाकीचे रिसॉर्टवाले मंगळवारी माश्या मारतात.

बरं, पाहुणचार गोड असला तरी बाई कडक हो! अंधार पडला की ओसरीखाली पाय नाही. एक कॉलेजकुमार टॉर्च घेऊन चांदणं बघायला निघाला, तर दारात उभी राहून म्हणते, "वाघ काही गेटवर तिकीट काढून येत नाही, बाबा." निमूट परत फिरला. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला बाया कशा जीव मुठीत धरून जातात, ते आपण बघतोच ना... त्यावर मी फार बोलत नाही.

आणि ते परदेशी जोडपं! पासपोर्ट मागितले तर घाबरलेच बिचारे. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, त्यात घरगुती मुक्कामही आला. त्या दिवशी नेमकं नेटवर्क गायब. धाकटीचा पोरगा बांधावर मोबाइल उंच धरून फिरतोय, मागे ते दोघं, आणि गावाची निम्मी पोरं... जत्राच!

पावसाळ्याचं तर ऐकाच. जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा कोअर भाग बंद, थोरली म्हणाली, "आता लाव कुलूप." धाकटीने काय करावं? नागपूरच्या बायांना रोवण्याला बोलावलं! गुडघाभर चिखलात साड्या खोचून, चक्क पैसे मोजून. आपल्या मजूरबाया पोट धरून हसल्या, "आम्ही मजुरी घेऊन लावतो, ह्या मजुरी देऊन लावून राहिल्या!" ओळी वाकड्या आल्या, ते सोडा. दुसऱ्या दिवशी मजूरबायांनी गुपचूप सरळ केल्या.

आणि आता कालची बातमी. थोरली आली होती तिच्याकडे, डब्यात सांबारवडी घेऊन! इकडचं तिकडचं झालं, मग हळूच म्हणे, "आमच्या बाजूच्या तुकड्यातबी दोन खोल्या काढाव्या म्हणतो. एसीवाल्या." धाकटीने वडी तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि म्हणाली, "काढा ना वहिनी. सासूबाईंना विचारलं काय?"

अहो, काय सांगू तुम्हाला ते तोंड...