‘पाडून टाका’ म्हणणाऱ्या साहेबांस

साहेब,

मुंबईत काळा घोडा भागातल्या एस्प्लनेड मॅन्शनचा निकाल तुम्ही एका शब्दात लावलात : पाडा. डागडुजी मालकाने करायची, भाडेकरूंनी की सरकारने, या घोळात दशकं गेली तेव्हा ही तडफ कुठे होती?

इमारत धोकादायक आहे, हे मला मान्य आहे. २००५ मध्ये गॅलरी कोसळून एका माणसाचा जीव गेला. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करावी लागली आणि आयआयटी मुंबईच्या अहवालानेही पाडण्याचाच सल्ला दिला. पण गॅलरी काही एका रात्रीत सडत नाही. पूर्वी इथे वॉटसन हॉटेल होतं. त्याच्या ऐसपैस खोल्यांना आडोसे घालून पोटखोल्या झाल्या, पाणी मुरत राहिलं. लोखंड गंजून फुगलं की लगतच्या विटा फुटतात. हे सगळं भर रस्त्यावर, सत्र न्यायालयासमोर घडत होतं. तुम्हाला दिसलं नाही म्हणू नका.

आणि ही इमारत आहे कशी, ते तरी एकदा पाहा. रोलंड ऑर्डिश यांच्या आराखड्यानुसार बिडाचे खांब आणि लोखंडी तुळया इंग्लंडात तयार झाल्या, जहाजाने मुंबईत आल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडल्या गेल्या. सगळा भार त्या सांगाड्यावर. विटांच्या भिंती नुसत्या भरावाच्या. जे सुटं आणून जोडलं, त्यातला निकामी भाग सोडवून बदलता येतो. काम खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, त्याला जाणता कारागीर लागतो. म्हणून बुलडोझर बोलवायचा?

याच वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या आणि भारतात सिनेमा आला. त्या खेळांनी भारावून सावेदादा भाटवडेकरांनी लंडनहून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. सिनेमाच्या जिवावर मिरवणाऱ्या या शहराला त्याचं जन्मघर जड झालं, याची मला मनापासून चीड येते.

रॉयल ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडलं होतं. तेही मोडकळीला आलं होतं. २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं, कारण कुणीतरी दुरुस्तीचा हट्ट धरला. मुंबईत हे जमत नाही, असं आता मला सांगू नका. १९९५ पासून आपल्याकडे वारसा इमारतींचे नियम आहेत आणि ही इमारत त्यांच्या २-अ श्रेणीत आहे. ती श्रेणी काय फलकावर रंगवायला दिली होती?

आधी टेकू भक्कम करा, वरून पाणी येणार नाही अशी सोय करा, पदपथावरून जाणाऱ्यांना आडोसा द्या. मग प्रत्येक खांबाला, प्रत्येक तुळईला क्रमांक घाला आणि कोणता वाचतो, कोणता बदलावा लागेल, याची यादी खर्चासकट लोकांसमोर ठेवा. सगळेच्या सगळे निकामी निघाले, तर पाडण्याची गोष्ट तेव्हा काढा.

एक मुंबईकर